खेळाडूची भूक आणि वजनकाटा

पालघर जिल्हा आणि भूक यांचे नाते महाराष्ट्राला नव्याने सांगावे लागत नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे झालेल्या बालमृत्यूंमुळे हा भाग देशभर चर्चेत आला. तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, तरी जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणाच्या बातम्या थांबल्या नाहीत. त्यामुळे घरात अन्न असूनही पुरेसे न खाणारी, दिसायला धडधाकट, शाळेसाठी पदके आणणारी मुलेमुली याच जिल्ह्यात असू शकतात, हे चटकन पटत नाही. शरीराला मात्र उपासामागचे कारण कळत नाही. अन्न मिळाले नाही म्हणून उपाशी राहिलेले शरीर आणि वजन उतरवायचे म्हणून उपाशी ठेवलेले शरीर एकाच पद्धतीने काटकसर करू लागते. फरक इतकाच, की पहिल्याची भूक त्याला स्वतःला कळत असते. दुसऱ्याची कळतेच असे नाही.

खेळाडू आणि वजन यांची गोष्ट जिल्ह्यातील क्रिकेटप्रेमींच्या चांगल्या परिचयाची आहे. पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर बोईसरच्या शाळेकडून खेळत असताना प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेस पडला आणि त्यांच्या बोरिवलीच्या शाळेत दाखल झाला. २००६ च्या हॅरिस शिल्ड स्पर्धेत त्याने एका षटकात सहा षटकार मारले. पुढे मुंबईच्या संघाच्या उंबरठ्यावर असताना त्याचे वजन ८३ किलोपर्यंत गेले होते. पुढची पायरी चढायची तर ते कमी केले पाहिजे, असा सल्ला त्याला सचिन तेंडुलकर यांनी दिला. शार्दूलने सुमारे १३ किलो वजन उतरवले, २०१२ मध्ये रणजी पदार्पण केले आणि जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत सात बळी व पहिल्या डावात ६७ धावा अशी कामगिरी केली. वजन कमी करण्याचा सल्ला हा काही अपराध नव्हे, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. असाच सल्ला दुसऱ्या एखाद्या खेळाडूच्या कानावर पडतो, त्याच्या हाती ना आहारतज्ज्ञ असतो ना मोजमाप, आणि वजन कमी झाल्यावर ‘आता पुरे’ असे सांगणारेही कोणी नसते. प्रश्न तेथे सुरू होतो.

फ्लिंटॉफचे गुपित

मुंबईच्या प्रेक्षकाला ३ फेब्रुवारी २००२ ची वानखेडेवरील रात्र आठवत असेल. अखेरच्या षटकात भारताला ११ धावा हव्या होत्या, इंग्लंडने सामना पाच धावांनी जिंकला आणि अँड्र्यू फ्लिंटॉफने अंगातला शर्ट काढून मैदानभर फिरवला. लॉर्ड्सच्या सज्जात सौरव गांगुलीने त्याला दिलेले उत्तर तर दंतकथाच झाले. शर्ट काढून धावणारा तो सहा फुटी गोलंदाज स्वतःच्या शरीराविषयी इतका लाजलेला असेल, अशी शंका त्या वेळी कोणाला आली नसती. सप्टेंबर २०२० मध्ये बीबीसीच्या माहितीपटात फ्लिंटॉफने सांगितले, की इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी ‘जाडा क्रिकेटपटू’ म्हणून हिणवल्यानंतर, विशीच्या सुरुवातीला, त्याला बुलिमिया जडला आणि तो कारकिर्दीभर सोबत राहिला. खाल्लेले अन्न शरीरात राहू न देण्याचा हा विकार. संघात कोणाला कळले नाही, कारण त्याचे वजन कमी होत होते आणि कामगिरी सुधारत होती. बाहेरून पाहता सगळे उत्तम चालले होते.

आपल्याकडेही खेळाडूच्या पोटाची चर्चा चारचौघांत करण्याचा संकोच उरलेला नाही. विरारमध्ये वाढलेल्या पृथ्वी शॉला ऑक्टोबर २०२४ मध्ये तंदुरुस्तीच्या कारणावरून मुंबईच्या रणजी संघातून वगळले, तेव्हा त्याच्या शरीरातील चरबीची टक्केवारीही बातम्यांतून छापून आली. धावांचे डोंगर उभारूनही सर्फराज खानची निवड होत नव्हती, त्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये, सुनील गावस्कर यांनी निवड समितीला खास शैलीत सुनावले होते: सडपातळच माणसे हवी असतील तर फॅशन शोला जा आणि मॉडेलांच्या हाती बॅट-चेंडू द्या. या दोघांपैकी कोणाला खाण्याचा विकार आहे असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु ही चर्चा पालघर-बोईसरच्या मैदानावरची चौदा-पंधरा वर्षांची मुलेही वाचत असतात.

विकार कोणता, सवय कोणती?

मनोविकारशास्त्र येथे दोन पायऱ्या मानते. पहिली खाण्याच्या प्रत्यक्ष विकारांची. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात त्यांत प्रामुख्याने अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा, बुलिमिया नर्व्होसा आणि अनावर खाण्याचा बिंज ईटिंग हा विकार येतो. अ‍ॅनोरेक्सिया हा सर्वाधिक मृत्युदर असलेल्या मानसिक आजारांपैकी एक आहे. त्याच्या अलीकडची पायरी बिघडलेल्या खाण्याची. काही पदार्थ ‘वाईट’ ठरवून कायमचे वर्ज्य करणे, जेवणाची वेळ आली की सबबी सांगणे, एक लाडू खाल्ला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट धावणे, ही तिची लक्षणे. निदानाच्या कसोटीला ही वर्तणूक उतरतेच असे नाही, आणि खेळाच्या जगात तर तिचे कौतुकच होते. इतर मुलगा जेवत नसेल तर आई काळजी करते. धावपटू जेवत नसेल तर त्याला शिस्तीचा म्हणतात.

नॉर्वेतील संशोधक योरुन सुंडगॉट-बोर्गेन व मोनिका टोर्स्टव्हाइट यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १,६२० अव्वल खेळाडू आणि १,६९६ सामान्य नागरिक यांची तुलना केली होती. खाण्याचे विकार खेळाडूंत १३.५ टक्के, तर सामान्य नागरिकांत ४.६ टक्के आढळले. महिला खेळाडूंत हे प्रमाण २० टक्के, पुरुषांत ८ टक्के होते. जिम्नॅस्टिक्ससारख्या, दिसण्याला गुण असलेल्या खेळांतील महिलांत ते ४२ टक्क्यांवर गेले. पुरुषांचा आकडा लहान वाटला तरी दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ‘हे मुलींचे दुखणे’ या समजुतीने मुलगे अधिकच गप्प बसतात.

हिशेब शिल्लक ऊर्जेचा

‘मी तर पोटभर जेवते’ असे सांगणारी खेळाडूही उपाशी असू शकते, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. खाण्यातून मिळालेल्या उष्मांकांतून सरावात खर्च झालेले वजा केले, की जे उरते त्यावर हृदय, मेंदू, हाडे, मासिक पाळी, रोगप्रतिकार असा सगळा संसार चालवावा लागतो. ही शिल्लक चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे मोजतात. साधारण ४५ उष्मांक असतील तर ठीक. ३० च्या खाली गेले की शरीर खर्चाला कात्री लावू लागते.

५० किलो वजनाची धावपटू घेऊ. चरबी वगळून तिचे वजन ४० किलो आहे आणि दिवसाच्या सरावात तिचे ५०० उष्मांक खर्च होतात. तिला निरोगी राहण्यासाठी ४० गुणिले ४५, म्हणजे १,८०० उष्मांक शिल्लक हवेत. सरावाचे धरून रोज २,३०० खावे लागतील. ती १,७०० उष्मांकच घेत असेल तर १,२०० उरतात, म्हणजे दर किलोमागे बरोबर ३०. घरातल्या इतर मुलींइतकेच जेवणारी ही मुलगी धोक्याच्या रेषेवर उभी आहे आणि तिच्या ताटाकडे पाहून कोणालाही तसे वाटणार नाही.

या अवस्थेचे परिणाम १९९२ पासून ‘फीमेल अ‍ॅथलीट ट्रायड’ या नावाने ओळखले जात: अपुरी ऊर्जा, बंद पडलेली पाळी आणि ठिसूळ होणारी हाडे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये व्याप्ती वाढवून तिला ‘रेड-एस’, म्हणजे खेळातील सापेक्ष ऊर्जा-न्यूनता, असे नाव दिले आणि पुरुष खेळाडूंचाही त्यात समावेश केला. वारंवार आजारपण, जखमा लवकर न भरणे, झोप उडणे, चिडचिड, सतत थंडी वाजणे, पायाच्या हाडांना सूक्ष्म तडे जाणे ही सगळी एकाच झाडाची फळे. अमेरिकेची धावपटू मेरी केन २०१३ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेत उतरली होती. वजन सतत कमी करण्याच्या दडपणाखाली तीन वर्षे पाळी आली नाही आणि पाच हाडे मोडली, असे तिने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले. पाळी थांबणे हे कसून सराव केल्याचे लक्षण, हा समज धावपटूंत पसरलेला आहे. तो साफ चुकीचा आहे. हाडांची जन्मभराची पुंजी बहुतांशी विशीच्या आतच साठत असल्याने या वयातला तोटा पुढे पुरता भरून निघत नाही.

स्वतःचे स्वतःला का कळत नाही?

खेळाडूला शरीराची जाण इतरांहून अधिक असते, असे आपण धरून चालतो. नाडीचे ठोके, धावण्याची वेळ, झोपेचे तास तो वहीत टिपत असतो. तरीही या विकारात तोच सर्वांत शेवटी जागा होतो, याची कारणे शोधण्याजोगी आहेत.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ हिल्डा ब्रूख यांनी १९६२ मध्येच मांडले होते, की अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णाला स्वतःचे शरीर आहे तसे दिसत नाही, एवढेच नव्हे तर भूक, थकवा हे आतून येणारे संकेतही त्याला नीट ओळखता येत नाहीत. खेळाडूच्या बाबतीत यात आणखी भर पडते. दुखत असताना धावायचे, दमल्यावर आणखी एक फेरी मारायची, हे त्याने कष्टाने शिकलेले असते. शरीराची हाक न ऐकणे हेच त्याचे कौशल्य. तेच कौशल्य भुकेवर चालविले, की भूक लागल्याचे कळणेही हळूहळू बंद होते.

दुसरे कारण भूकच आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धानंतर उपासमारीतून बाहेर येणाऱ्यांना कसे सावरावे, हे शोधण्यासाठी हे स्वयंसेवक २४ आठवडे अर्धपोटी राहिले आणि त्यांचे सुमारे एक चतुर्थांश वजन घटले. यांच्यापैकी कोणालाही बारीक दिसायचे नव्हते. तरीही ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके चाळू लागले, घास तासन् तास चघळू लागले, एकलकोंडे व चिडखोर झाले. प्रयोग संपल्यावरही कित्येकांना बराच काळ खाण्यावर ताबा ठेवता आला नाही. त्यांना उपासमारीच्या काळात मिळत होते ते रोज सुमारे १,६०० उष्मांक. आज ‘डाएट’ म्हणून हा आकडा कोणीही सहज सुचवतो. तात्पर्य असे, की अन्नाचा ध्यास हा स्वभावदोष नसून उपासमारीचा परिणाम असू शकतो. मेंदूही त्याच अपुऱ्या शिधेवर चालत असल्याने स्वतःची तपासणी करणारे यंत्रच बिघडलेले असते.

तिसरे कारण म्हणजे सुरुवातीचे यश. वजन दोन-तीन किलो उतरले की काही आठवडे वेळ सुधारते, लोक वाखाणतात. घसरण काही महिन्यांनी येते. तोवर कमी खाणे आणि जिंकणे यांची सांगड मनात घट्ट बसलेली असते आणि घसरणीवरचा उपायही आणखी कमी खाण्यातच शोधला जातो. अशा वेळी वहीतला वजनाचा आकडा आत्मज्ञान देत नाही, उलट दिशाभूल करतो.

शंभर ग्रॅम

वजनगट असलेल्या खेळांत ही दिशाभूल नियमातच बसलेली आहे. ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये विनेश फोगटने ५० किलो गटात तीन लढती जिंकून ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली. त्या सकाळी तिचे वजन ४९.९ किलो होते. लढती, पाणी आणि थोडे खाणे झाल्यावर ते मर्यादेच्या २.७ किलो वर गेले. रात्रभराच्या जिवावरच्या धडपडीनंतरही सकाळी काटा १०० ग्रॅम जास्त दाखवत होता. तिला अपात्र ठरविण्यात आले आणि क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला तिचे अपील फेटाळले. विनेश एरवी ५३ किलो गटात खेळत असे. तिच्या बाबतीत खाण्याच्या विकाराचा प्रश्न नव्हता. देशाचे वैद्यकीय पथक दिमतीला असताना हे घडले, ही बाब मात्र विचार करायला लावणारी आहे. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये महिन्याभराच्या अंतरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशाच झटपट वजन उतरविण्यात दगावले. त्यानंतर तेथील विद्यापीठ कुस्तीचे नियम बदलले.

महाराष्ट्राच्या कुस्तीत उलट दिशेचे एक उदाहरण आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला ते वरच्या बँटमवेट गटात उतरले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक त्यांना तेथे मिळाले. वरच्या गटात जाणे म्हणजे माघार नव्हे, हे तालमीतल्या मुलांना सांगायला यापेक्षा चांगला दाखला नाही. कबड्डीतही कुमार व किशोर गटांना वयाबरोबर वजनाची मर्यादा असते. पालघर जिल्ह्याच्या गावागावांत हा खेळ आहे, आणि वाढत्या वयातील मुलाला वजनासाठी थोपवून धरण्याचा मोह संघाच्या हितासाठी अनेक ठिकाणी होतो.

पहाटेची गाडी, उशिराचे जेवण

या भागात आणखी एक अडचण भूगोलाची आहे. पालघर ते चर्चगेट हे अंतर नव्वदएक किलोमीटर. बोईसर त्याहून पुढे. डहाणू रोडपर्यंत उपनगरी लोकल २०१३ मध्ये आली, तरी मुंबईच्या मैदानावर सकाळच्या सरावाला पोहोचायचे तर घर पहाटे सोडावे लागते. नाश्ता होत नाही, डबा गर्दीत उघडता येत नाही, सराव झाल्यावर पहिले नीट जेवण दुपारी. तारापूरच्या कारखान्यांत आई किंवा वडील पाळ्यांमध्ये काम करीत असतील तर घरची चूलही घड्याळाप्रमाणे चालत नाही. पोलीस भरतीसाठी १,६०० किंवा ८०० मीटर धावण्याचा सराव करणारे तरुणही अनेकदा रिकाम्या पोटी पळतात आणि उरलेला दिवस कामावर जातात. आश्रमशाळेतील मुलगी तर वाढले जाईल तेवढेच खाते. यांतील बहुतेकांना कोणताही मनोविकार नाही. तरीही त्यांची ऊर्जेची शिल्लक तितकीच खाली जाऊ शकते. म्हणूनच ‘तू मुद्दाम खात नाहीस का’ या प्रश्नाने चौकशी सुरू करणे योग्य नव्हे. ‘सरावाआधी काय खाल्लेस, नंतर किती वेळाने खाल्लेस’ हे विचारावे.

उपायासाठी परदेशी डबे लागत नाहीत. वाडा कोलमचा भात, डहाणू-घोलवडचे चिकू, केळी, अंडी, डाळ, सुके बोंबील आणि नाचणीची भाकरी एवढे पुरते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. भात बंद करण्याचा सल्ला धावणाऱ्या मुलांना सर्रास दिला जातो. तो बहुतेकांच्या बाबतीत निराधार असतो.

कोणी, काय पाहावे

प्रशिक्षकाने वजन सर्वांसमोर घेणे आणि मोठ्याने वाचणे आधी बंद करावे. वाढत्या वयात वारंवार वजन घेण्याने फारसे काही साधत नाही. ताई किंवा सर म्हणून मुले ज्यांच्याकडे विश्वासाने पाहतात, त्यांच्या एका शेऱ्याचे वजन काट्यापेक्षा जास्त असते. घरच्यांनी लक्ष ठेवावे ते सहलीला, लग्नाला जाणे टाळणे, जेवणानंतर लगेच उठून दार लावून घेणे, दुखापतीतही व्यायाम न सोडणे, उन्हाळ्यात अंगावर जाड कपडे, यांवर. मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही तर स्पर्धा कितीही जवळ असो, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखविणे आवश्यक आहे. हाडाचा तोच तो दुखावा परत परत येत असेल तर गोळीने भागविण्याऐवजी आहार तपासावा.

खेळाडूला स्वतःकडे पाहण्यासाठी काही साधने आहेत. ब्रिटिश डॉक्टरांनी १९९९ मध्ये तयार केलेली ‘स्कॉफ’ ही पाच प्रश्नांची चाचणी त्यांपैकी सर्वांत सोपी. खाण्यावरचा ताबा सुटल्याची भीती वाटते का, इतर लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटते का, अन्नाने आयुष्य व्यापले आहे का, अशा आशयाचे प्रश्न त्यात असतात आणि दोन उत्तरे होकारार्थी आली तर तज्ज्ञाकडे जावे, असा संकेत आहे. ही चाचणी निदान करीत नाही. शिवाय जो लपवू पाहतो तो प्रामाणिक उत्तर देईलच असे नाही. तेव्हा उत्तरांपेक्षा त्याच्या सरावाच्या वहीत वजनाशेजारी झोप, मूड, पाळी आणि भूक यांचे रकाने वाढविणे अधिक उपयोगी पडते. महिन्याभराच्या नोंदी समोर ठेवल्या, की नाकारणे कठीण जाते.

उपचार एकट्या मानसोपचारतज्ज्ञाचे काम नसते. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सोबत लागतात. ऑलिम्पिक समितीच्या २०२३ च्या सुधारित मार्गदर्शनात खेळाडूंची हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार टप्प्यांत वर्गवारी केली आहे. लाल टप्प्यातील खेळाडूला सराव व स्पर्धा थांबवावी लागते. मधल्या टप्प्यांत देखरेखीखाली खेळता येते. हा तपशील मुलांना आवर्जून सांगावा. खेळ कायमचा सुटेल या भीतीनेच बहुतेक जण गप्प राहतात. पहिले बोलणे ओळखीच्या माणसाशी नको असेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, बोलता येते.